पानांत विभागलेल्या दीर्घ लेखाचे भाग एकमेकांशी कसे जोडावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. रायगडावरचा एक दीर्घ लेख वर्डप्रेसवर (संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीवर) चाललेल्या संकेतस्थळावर चार पानांत विभागून प्रसिद्ध केला आहे. पहिल्या पानावर इतिहास, दुसऱ्यावर गडावर जाण्याच्या वाटा, तिसऱ्यावर वास्तू आणि चौथ्यावर मुक्कामाची व्यावहारिक माहिती आहे. आरंभी अनुक्रमणिका दिली आहे. तिच्यातले पहिल्या पानावरच्या भागांचे दुवे नीट चालतात, पण ‘गंगासागर तलाव’ या ओळीवर टिचकी मारली तर काहीच घडत नाही. असे का होते, आणि लेखातल्या कोणत्याही पानावरून कोणत्याही भागाकडे वाचकाला नेमके कसे पोहोचवावे?

कारण साधे आहे. अनुक्रमणिकेत नुसता ‘#गंगासागर’ असा दुवा दिला की ब्राउझर ती खूण समोर उघडलेल्या पानातच शोधतो. लेखकाच्या दृष्टीने चारही पाने मिळून एक लेख असतो, ब्राउझरच्या दृष्टीने ते चार वेगळे दस्तऐवज असतात, आणि गंगासागराची खूण पहिल्या दस्तऐवजात नाहीच. म्हणून दुव्यात आधी पानाचा पूर्ण पत्ता आणि त्यानंतर खूण, असे दोन्ही द्यावे लागतात: ‘/रायगड/३/#गंगासागर’. (वाचायला सोपे जावे म्हणून येथे पत्ते देवनागरीत लिहितो आहे. प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहावेत. त्याचे कारण पुढे येईल.) वर्डप्रेसमध्ये लेखाच्या कायमच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन पानाचा क्रमांक लिहिला की ते पान उघडते. पहिल्या पानाला मात्र क्रमांक लावायचा नसतो, त्याचा पत्ता हाच लेखाचा पत्ता. साधी प्रश्नचिन्हवाली पत्तारचना वापरणाऱ्या संकेतस्थळांवर हाच क्रमांक पत्त्यातल्या ‘पेज’ या नावाच्या चलातून (व्हेरिएबलमधून) जातो. ‘पेज्ड’ हे त्याच्यासारखेच दिसणारे दुसरे चल लेखांच्या यादीची पाने उलटण्यासाठी असते. या दोघांची गल्लत नेहमी होते.

तातडीची अडचण एवढ्यावर सुटते. परंतु असे पूर्ण पत्ते हाताने लिहीत गेलात तर काही महिन्यांत तेच दुवे पुन्हा तुटतील, कारण पानाचा क्रमांक ही लेखातली सर्वांत अस्थिर गोष्ट आहे. दुसऱ्या पानावर नाणे दरवाजाच्या वाटेचे चार परिच्छेद वाढले, पान फार लांबले म्हणून मध्ये आणखी एक विभाजन टाकले, की वास्तूंचा सगळा विभाग तिसऱ्या पानावरून चौथ्यावर जातो आणि त्या विभागाकडे येणारा प्रत्येक दुवा चुकीच्या ठिकाणी पोहोचू लागतो. त्यामुळे भागाची खूण कायमची ठरवावी, पानाचा क्रमांक मात्र कोठेही हाताने लिहू नये. तो यंत्राकडून काढून घ्यावा. या उत्तराचा गाभा एवढाच आहे, बाकीचे तपशील त्याच्याच सोयीसाठी आहेत.

अशा तुटलेल्या दुव्याचा उपद्रव अधिक असतो, कारण तो तुटल्याचे कोणाला कळत नाही. पत्त्यातला # या चिन्हापुढचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, तो स्वतःजवळ ठेवतो. सर्व्हरला फक्त ‘तिसरे पान द्या’ एवढीच मागणी दिसते, तो तिसरे पान देतो, आणि त्या पानावर खूण सापडली नाही तर ब्राउझर निमूटपणे पानाच्या माथ्यावर थांबतो. चूक झाल्याचा संदेश येत नाही, सर्व्हरच्या नोंदींत काही उमटत नाही, आणि तुटके दुवे शोधणारी बरीचशी साधने केवळ सर्व्हरच्या उत्तरावर भिस्त ठेवत असल्याने ‘सर्व ठीक’ असा निर्वाळा देतात. याचा दुसरा परिणाम असा की एखादा भाग एका पानावरून दुसऱ्यावर हलवला, तर ‘तिसऱ्या पानावरच्या गंगासागराची मागणी आली की चौथ्यावर पाठव’ असा नियम सर्व्हरवर लिहिताच येत नाही. सर्व्हरला गंगासागर हा शब्दच कधी दिसलेला नसतो.

आता खुणांकडे वळू. ज्या शीर्षकापाशी वाचकाने पोहोचावे असे वाटते, त्या शीर्षकाच्या टॅगला (ब्राउझरला ‘हे शीर्षक आहे’ असे सांगणाऱ्या एचटीएमएल संकेताला) ‘आयडी’ हा गुणधर्म द्यायचा असतो. वर्डप्रेसच्या ब्लॉक संपादकात शीर्षक निवडून उजवीकडच्या प्रगत पर्यायांत एचटीएमएल अँकरची चौकट भरली की तेच काम होते. जुन्या लेखांत ए टॅगला ‘नेम’ देऊन खूण केलेली आढळते. ती पद्धत आजही चालते, पण प्रमाण एचटीएमएलने ती कालबाह्य ठरवली आहे. आयडीत मोकळी जागा चालत नाही आणि एका पानावर एक आयडी एकदाच यावा लागतो. पानांत विभागलेल्या लेखासाठी मी यात आणखी एक अट घालतो: आयडी संपूर्ण लेखात एकदाच यावा. चारही पानांवर ‘संदर्भ’ किंवा ‘टीप-१’ अशा त्याच त्या खुणा असल्या तरी ब्राउझर तक्रार करणार नाही, पण पुढे सगळा लेख सलग एका पानावर दाखवायचा झाला की त्या खुणा एकमेकींवर आदळतील.

मराठी लेखकांना येथे एक मोह होतो. शीर्षक मराठी असते, मग खूणही देवनागरीत का नसावी? नियमाने ती चालते. व्यवहारात मात्र त्रास होतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि पत्त्यात ते टक्केवारीच्या चिन्हांनी लिहिले गेले की त्या एका चिन्हाची नऊ अक्षरे होतात. मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह ही सर्व वेगवेगळी मोजली जातात. ‘गंगासागर’ हा छोटासा शब्द त्यामुळे बहात्तर अक्षरांचा होतो, आणि कोणी तो दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की वाचकासमोर टक्केचिन्हांची एक लांबलचक माळ येते. लेखाच्या मुख्य पत्त्याची गत याहून वाईट आहे. वर्डप्रेस लेखाच्या नावाचा पत्त्यातला तुकडा दोनशे अक्षरांवर छाटते, म्हणजे देवनागरीत जेमतेम बावीस चिन्हे उरतात. ‘रायगड किल्ल्याची संपूर्ण माहिती’ हे शीर्षक द्या: पहिल्या तीन शब्दांतली बावीस चिन्हे आणि त्यांच्यामधल्या दोन आडव्या रेघा मिळून बरोबर दोनशे होतात, आणि ‘माहिती’ पत्त्यातून गळते. त्याच तीन शब्दांनी सुरू होणारे दुसरे शीर्षक दिले तर वर्डप्रेस त्याला शेवटी क्रमांक जोडते आणि पुढे कोणता पत्ता कोणत्या लेखाचा हे लेखकालाही आठवत नाही.

याहून फसवा प्रकार ‘पायऱ्या’सारख्या शब्दांचा आहे, आणि रायगडावरच्या लेखात पायऱ्या येणारच. यातला ‘ऱ्य’ संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवला जातो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलंत (पाय मोडण्याचे चिन्ह) अशी जोडणी करतात, तर काही साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे शून्य रुंदीचे, डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ब्राउझर मात्र दुव्यातली खूण आणि पानावरचा आयडी चिन्हागणिक ताडून पाहतो. एक फोनवर आणि दुसरा लॅपटॉपवर टंकला असेल तर दोन्ही जुळत नाहीत, आणि लेखकाने तासभर डोळे फाडून पाहिले तरी त्याला चूक दिसत नाही. ‘ॲ’चेही तसेच आहे: ते एक अखंड चिन्हही असू शकते किंवा ‘अ’वर चंद्र देऊनही लिहिलेले असू शकते. म्हणून माझा सल्ला असा की आयडी रोमन लिपीतच, सर्व लहान अक्षरांत, छोटे आणि अर्थवाही ठेवावेत. लहान अक्षरांचा आग्रह अशासाठी की आयडीत लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक धरला जातो. शीर्षक पुढे बदलले तरी आयडी बदलू नये; ‘गंगासागर तलाव’चे ‘गडावरील पाणीव्यवस्था’ झाले तरी खूण तीच राहू द्यावी. शीर्षकावरून आपोआप आयडी बनवणाऱ्या प्लगइनवर (वर्डप्रेसला जोडायच्या पूरक प्रोग्रामवर) माझा विश्वास नसण्याचे कारण हेच आहे. शीर्षकातली एक वेलांटी सुधारली की त्यांचा आयडीही बदलू शकतो.

पानक्रमांक यंत्राकडून काढून घेणे वाटते तितके अवघड नाही. वर्डप्रेस लेखाचा संपूर्ण मजकूर एकाच ठिकाणी साठवते. पान जेथे तुटते तेथे एचटीएमएल टिप्पणीच्या रूपात ‘नेक्स्टपेज’ ही खूण असते, आणि दाखवताना मजकूर त्या खुणेपाशी कापला जातो. मग थीमच्या (संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या साच्याच्या) फंक्शन्स फाइलमध्ये, किंवा त्याहून चांगले म्हणजे स्वतःच्या छोट्या प्लगइनमध्ये, मजकूर याच खुणेवर कापून प्रत्येक तुकड्यातल्या शीर्षकांचे आयडी गोळा करावेत आणि ‘हा आयडी या पानावर’ अशी सारणी तयार करावी. या सारणीवरून अनुक्रमणिका छापता येते, आणि एक शॉर्टकोड (मजकुरात चौकटी कंसात लिहायची छोटी सूचना) बनवून मजकुरात कोठेही फक्त आयडीचे नाव लिहून दुवा देता येतो. भाग त्याच पानावर असेल तर दुव्यात नुसती खूण येईल, दुसऱ्या पानावर असेल तर पूर्ण पत्ता येईल. लेखकाला त्याची फिकीर करावी लागणार नाही. सारणीत नसलेला आयडी कोणी लिहिला तर शॉर्टकोडने गप्प न बसता संपादकाला ठळक इशारा दाखवावा. ब्राउझर जी चूक झाकतो ती येथे उघडी पडते, आणि माझ्या मते एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा हा खटाटोप करावा.

सारणीतून पत्ता तयार करताना लेखाच्या पत्त्यापुढे सरळ ‘/३/’ चिकटवण्याची घाई करू नये. प्रसिद्ध न झालेल्या मसुद्याचा पत्ता प्रश्नचिन्हाच्या रचनेचा असतो, त्यापुढे तिरकी रेघ आणि आकडा चिकटवला की पूर्वावलोकनात प्रत्येक दुवा मोडतो, आणि प्रसिद्ध झाल्यावर तोच चालू लागल्याने गोंधळ अधिकच वाढतो. दोन्ही परिस्थिती वेगळ्या हाताळाव्यात. तसेच वाचकाला दिसणारे आकडे १, २, ३ असे देवनागरीत अवश्य छापावेत, ते शोभतात. पण पत्त्यातले आकडे इंग्रजीच हवेत, कारण वर्डप्रेसचे पत्त्यांचे नियम तेथे फक्त इंग्रजी अंकच ओळखतात.

पान कोठे तोडावे याविषयी एकच नियम मी कडकपणे पाळतो: मोठ्या शीर्षकाच्या लगेच आधी. शब्द मोजून समान तुकडे करण्याची पद्धत दुव्यांच्या मुळावर येते, कारण तिच्यात एखाद्या भागाचे शीर्षक एका पानावर आणि निम्मा मजकूर दुसऱ्यावर पडतो, आणि ‘महादरवाजा’ या दुव्यावरून आलेला वाचक तीन ओळी वाचून पानाच्या तळाशी अडकतो. पाने लहानमोठी झाली तरी चालतील. जुन्या संपादकात हाताने खूण टाकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: ती खूण कोणत्याही चौकटीच्या, रकान्याच्या किंवा कोष्टकाच्या आत पडता कामा नये. मजकूर आंधळेपणाने कापला जात असल्याने चौकट उघडणारा टॅग एका पानावर आणि बंद करणारा दुसऱ्यावर जातो, आणि दोन्ही पानांची मांडणी विस्कटते. ‘अधिक वाचा’ची खूण ही निराळी वस्तू आहे, ती मुखपृष्ठावर लेखाचा आरंभ दाखवण्यासाठी असते, तिने पाने पडत नाहीत.

अनुक्रमणिका फक्त पहिल्या पानावर ठेवणे ही नेहमीची उणीव. शोधयंत्रातून किंवा मित्राने पाठवलेल्या दुव्यावरून वाचक थेट तिसऱ्या पानावर उतरतो, आणि त्याला हा लेख किती मोठा आहे, आपण त्यात कोठे आहोत, याचा पत्ताच नसतो. म्हणून संपूर्ण अनुक्रमणिका, हवी तर मिटलेल्या रूपात, प्रत्येक पानावर द्यावी आणि चालू पानाचा विभाग त्यात उठून दिसावा. तो फक्त रंगाने दाखवू नये. ‘एरिया-करंट’ हा गुणधर्म दिला की पडदावाचक वापरणाऱ्या अंध वाचकालाही तो कळतो. पानाच्या तळाशी थीम जे १ २ ३ ४ असे आकडे छापते, ते मला अपुरे वाटतात. ‘पुढील पान: गडावरील वास्तू’ असे नाव लिहिलेला दुवा वाचकाला पुढे काय आहे ते सांगतो, आणि बोटाला टेकायला जागाही देतो. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या २०२३ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी टिचकीच्या जागेसाठी किमान २४ गुणिले २४ पिक्सेलची अपेक्षा ठेवली आहे, आणि दाटीवाटीने छापलेले ते चिमुकले आकडे अनेकदा त्यात बसत नाहीत.

मजकुराच्या भाषेकडेही पाहायला हवे, कारण सलग लिहिलेला लेख पुढे विभागला की त्यातली दिशादर्शक शब्दयोजना खोटी ठरते. ‘वर उल्लेख केलेला हिरकणी बुरूज’ असे तिसऱ्या पानाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलेले असते आणि वर काहीच नसते. ‘वर’, ‘खाली’, ‘मघाशी’, ‘पुढील तक्त्यात’ हे शब्द विभाजनानंतर एकेक करून तपासावेत आणि त्यांच्या जागी भागाचे नाव घालून त्यालाच दुवा करावा: ‘पाचाडहून येणाऱ्या वाटेच्या वर्णनात सांगितल्याप्रमाणे’. तळटिपांचे तर विशेष सांभाळावे लागते. सगळ्या टिपा शेवटच्या पानावर ठेवल्या आणि आकड्यांना नुसत्या खुणा दिल्या, तर पहिल्या तीन पानांवरचा प्रत्येक टीप-आकडा निकामी होतो. पूर्ण पत्ते देऊन तो चालता करता येतो, पण एका ओळीच्या टिपेसाठी वाचकाला दुसरे पान उघडायला लावणे आणि मग परत यायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. टिपा त्या त्या पानाच्या तळाशीच ठेवाव्यात. क्रमांक मात्र लेखभर सलग चालू ठेवावेत.

दुवा बरोबर पोहोचूनही शीर्षक दिसत नाही, अशी तक्रार बऱ्याचदा येते. संकेतस्थळाची वरची पट्टी पडद्याला चिकटून राहणारी असेल तर ब्राउझर शीर्षक अगदी माथ्यावर आणतो आणि ते त्या पट्टीखाली झाकले जाते. शीर्षकांना सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांत) ‘स्क्रोल-मार्जिन-टॉप’ पट्टीच्या उंचीहून थोडे अधिक दिले की हे थांबते. चित्रांनाही रुंदी आणि उंची लिहून ठेवावी, नाहीतर वाचक खुणेपाशी पोहोचल्यावर वरची चित्रे उशिरा उतरतात आणि मजकूर खाली ढकलला जातो.

भाग दुसऱ्या पानावर हलवावाच लागला तर काय करावे? तुमच्या लेखातले दुवे सारणीमुळे आपोआप सुधारतील, पण इतरांनी दिलेले दुवे जुन्याच पानावर येतील. त्यासाठी जुन्या पानावर जुन्या खुणेने एक ओळ सोडून द्यावी: ‘गंगासागर तलावाची माहिती आता पुढील पानावर आहे’, आणि तिला नव्या जागेचा दुवा द्यावा. लेखभर एकच आयडी ही अट येथे तेवढ्यापुरती मोडते, म्हणून सारणी बनवताना अशा ओळी वगळाव्यात. पानावरच्या छोट्या स्क्रिप्टने वाचकाला आपोआप पुढे नेणेही शक्य आहे, मात्र मला ती साधी ओळ अधिक भरवशाची वाटते.

शोधयंत्रांविषयी थोडेच. लेखाच्या पानांचा परस्परसंबंध सांगणारे ‘प्रीव्ह’ आणि ‘नेक्स्ट’ हे लिंक-गुणधर्म आपण शोधसूचीत पाने नोंदवण्यासाठी वापरत नसल्याचे गूगलने २०१९ मध्ये जाहीर केले. ते असले तरी नुकसान नाही, पण वाचकाला दिसणाऱ्या खऱ्या दुव्यांची जागा ते घेऊ शकत नाहीत. चारही पानांचा अधिकृत पत्ता (कॅननिकल, म्हणजे शोधयंत्राने मूळ मानायचा पत्ता) म्हणून पहिल्या पानाचा पत्ता देणे चुकीचे आहे, कारण त्याने तुम्ही पुढची तीन पाने नोंदवू नका असेच सुचवत असता. प्रत्येक पानाचा अधिकृत पत्ता त्या पानाचाच असावा. वर्डप्रेस स्वतः तसाच देते, मात्र शोधयंत्रांसाठी पाने तयार करणारे एखादे एसईओ प्लगइन त्यात ढवळाढवळ करत नाही ना, हे पानाचा स्रोत उघडून पाहावे.

ज्यांचे लेखन ब्लॉगर या ब्लॉगसेवेवर आहे त्यांना पाने पाडण्याची सोयच नाही, तेथे चार स्वतंत्र नोंदी कराव्या लागतात. मराठी शीर्षकाची नोंद प्रसिद्ध केली की ब्लॉगर तिला ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असा अर्थहीन पत्ता देते. प्रसिद्ध करण्यापूर्वीच उजवीकडच्या कायमदुव्याच्या पर्यायात रोमन लिपीत ‘रायगड-वास्तू’ असा पत्ता स्वतः लिहावा. त्यात पानाचा क्रमांक नसल्याने वर सांगितलेली क्रमांक सरकण्याची डोकेदुखी येथे नाही. उलट या बाबतीत ब्लॉगरची ही मर्यादा पथ्यावरच पडते.

आता मुळात लेख विभागावा का? मला विचाराल तर बहुतेक वेळा नाही. एकेकाळी संथ जोडणीवर चाळीस छायाचित्रांचे पान उतरायला फार वेळ लागे, तेव्हा विभाजनाला अर्थ होता. आता ब्राउझर चित्रे गरजेनुसार उतरवतात आणि वर्डप्रेस २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून चित्रांना तशी सूचना आपणहून देते. जाहिरातींसाठी पानांची संख्या फुगवणे हे कारण वाचकाच्या सोयीचे कधीच नव्हते. भाग खरोखर स्वतंत्र वाचण्याजोगे असतील, म्हणजे मुक्कामाची माहिती शोधणाऱ्याला १६७४ च्या राज्याभिषेकाचे वर्णन ओलांडावे लागू नये असे असेल, तरच पाने पाडावीत, आणि तेव्हाही ‘सलग वाचा’ असा एक दुवा द्यावा. आयडी लेखभर एकमेव ठेवलेले असतील तर त्या सलग पानावर याच खुणा जशाच्या तशा चालतात.

शेवटी तपासणी. ती संकेतस्थळाच्या खात्यातून बाहेर पडून (लॉग आउट करून), खासगी खिडकीत आणि फोनवर करावी. प्रवेश केलेल्या लेखकाला वर प्रशासनाची पट्टी दिसत असते, त्यामुळे शीर्षक झाकले जाते की नाही याचा अंदाज चुकतो. शिवाय त्याला बहुधा कॅशेतले (आधीच तयार करून साठवलेले) पान मिळतच नाही. विभाजन बदलल्यावर चारही पानांची कॅशे रिकामी करावी, नाहीतर पहिल्या पानावर नवी अनुक्रमणिका आणि तिसऱ्यावर जुनीच असे दृश्य वाचकांना दिसत राहते. मग शेवटच्या पानापासून सुरुवात करून अनुक्रमणिकेतला प्रत्येक दुवा उघडावा, कारण पहिल्या पानावरून तपासले तर त्या पानाचे स्वतःचे दुवे नुसत्या खुणेनेही चालतात आणि चूक लपून राहते.